वेतनमर्यादा (व्यावसायिक क्रीडा)
संघाने एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च करावा, याची लीगने ठरवलेली कमाल रक्कम. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ती नाही. ठरावीक आकडा ओलांडणाऱ्या संघाला कर बसतो. तिच्याच वादातून १९९४ चा संप पेटला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज रद्द झाली. आयपीएलमध्ये मात्र २००८ पासून ती आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रतिसंघ १२० कोटी रुपये. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा २०२२ च्या लिलावात पंजाबकडे २० लाखांत, तर २०२४ मध्ये बंगळूरुकडे ११ कोटींना गेला. म्हणजे मर्यादा संघाची तिजोरी बांधते, एकट्या खेळाडूचा भाव नव्हे. बेसबॉलनेही ती स्वीकारावी. मात्र किमान खर्चाची सक्ती नसेल, तर फायदा मालकांचाच.