साप किती, शिड्या किती?

परवा सुट्टीत अंबाजोगाईला आम्ही चौघं मित्र नवा बोर्ड गेम बनवायला बसलो. दोन तास एकच वाद: साप किती? एकजण म्हणाला, "पब्लिक वैतागेल रे, शिड्या वाढव!"

मला मोक्षपट आठवला. आपल्या सापशिडीचा पूर्वज. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, दान कवड्यांचं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते (ठोस पुरावा नाही, पण त्यांचं आपेगाव बीडच्या हद्दीलगत, गोदावरीपलीकडेच). अनेक जुन्या पटांवर साप जास्त: घसरणं सोपं, चढणं कठीण. १८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडात विकायला आला आणि पुढे तिथे साप-शिड्या जवळपास बरोबरीत आल्या. आकडे बदलले, शिकवणही बदलली.

शेवटी ठरलं, खेळातून काय सांगायचंय ते आधी लिहू. त्यातच रात्र गेली. साप अजून मोजायचेत!