मेलेल्यांना न्याय हवा होता : बायबलमधल्या स्वर्गाची गोष्ट, नालवाडीतून वाचताना

आमच्या नालवाडीतल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर निधनाचा निरोप आला, की नावाआधीची अक्षरं नीट बघा. 'कै.' म्हणजे कैलासवासी, शंकराच्या घरी गेलेले. 'वै.' म्हणजे वैकुंठवासी, हे बहुधा माळकरी घर. 'स्व.' कुणालाही चालतं. मुसलमान घरातून 'मरहूम' येतं, म्हणजे ज्यांच्यावर दया झाली ते. बौद्ध घरातून 'कालकथित' येतं. हा शब्द माणसाला कुठल्याच लोकात पाठवत नाही, आणि ते मुद्दाम आहे. ख्रिस्ती कुटुंबाच्या निरोपात मात्र अनेकदा 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' असं असतं.

बाकी सगळे कुठेतरी गेले किंवा कुठेच गेले नाहीत. हे झोपले. ज्या धर्माचा स्वर्ग सिनेमात ढग, वीणा आणि पांढऱ्या झग्यांसकट सगळ्यात जास्त दिसतो, त्या धर्मात मेलेला माणूस झोपतो कसा? या एका शब्दामागे लागून मी मराठी बायबल वाचायला घेतलं, आणि इतिहास वेगळाच निघाला.

सगळे खालीच जातात

ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे हिब्रू बायबल. ख्रिस्ती लोक त्यालाच 'जुना करार' म्हणतात. त्याच्या बहुतेक भागात मेल्यावर कुणी स्वर्गात जात नाही. हिब्रूत 'शामायीम' म्हणजे आकाश, आणि तेच देवाचं घर. माणसाची जागा जमीन. मेल्यावर तो जमिनीखाली 'शिओल'मध्ये जातो. मराठी बायबलमध्ये याला 'अधोलोक' म्हटलं आहे. तिथे शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. राजा आणि गुलाम, सज्जन आणि दुर्जन, सगळे तिथेच. स्तोत्रकर्ता देवाला सांगतो, की मेलेले तुझी स्तुती करू शकत नाहीत. उपदेशकाच्या पुस्तकात म्हटलं आहे, की तिथे काम नाही, बेत नाही, ज्ञानही नाही, तेव्हा जे करायचं ते इथेच करा. ईयोब मात्र दुःखात असताना याच जागेकडे आशेने बघतो, कारण तिथे गुलाम मालकापासून सुटतो.

अपवाद दोनच. हनोख, ज्याला देवाने नेलं, आणि एलीया, जो अग्नीच्या रथासमोर वावटळीतून वर गेला. यातला एलीया तर आपल्या कोकणात येऊन गेला, असं बेने इस्राएल मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरी नवस फेडताना, लग्नाच्या आधी, 'मलिदा' होतो. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट मांडून एलीयाहू हानाबीचं नाव घेतात. हजारो वर्षांत जो मेलाच नाही, त्याला हाक मारता येते. बाकीचे पूर्वज मात्र नवगावच्या जुन्या दफनभूमीत शांत पडलेले.

मग न्यायाचं काय?

या व्यवस्थेत एक हिशेब होता : देवाचे नियम पाळा, तर इथेच दीर्घायुष्य, पीकपाणी, मुलंबाळं मिळतील. हिशेब इथल्या इथे चुकता होत असेल, तर परलोक लागतोच कशाला?

इ.स.पू. 167च्या सुमारास हा हिशेब उलटा झाला. यहूदियावर सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याची सत्ता होती. त्याने सुंता आणि शब्बाथ पाळण्यावर बंदी घातली, जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. ज्यांनी नियम मोडला ते जगले. ज्यांनी पाळला ते तरुणपणीच मारले गेले, आणि नेमके पाळल्यामुळेच मारले गेले. आता देवाच्या न्यायावर विश्वास ठेवायचा कसा?

त्याच काळात आकाराला आलेल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात उत्तर आहे : मातीत झोपलेले पुष्कळ जण जागे होतील, काही कायमच्या जीवनासाठी, काही कायमच्या नामुष्कीसाठी. मेलेल्यांच्या उठण्याचा हिब्रू बायबलमधला हा सर्वांत स्पष्ट उल्लेख. 'निद्रिस्त' हा शब्द इथून येतो. झोपलेला माणूस उठणार असतो, म्हणून तो झोपलेला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. परलोकाची ही कल्पना मरणाच्या भीतीतून कमी आणि रागातून जास्त आली. आपली चांगली माणसं मारली गेली आणि मारणारे मजेत आहेत, हे ज्यांना पचलं नाही, त्यांनी कबरीचं दार उघडायला लावलं.

सगळ्या ज्यूंनी ते मान्य केलं नाही. मंदिर ज्यांच्या हाती होतं, त्या पुरोहित-श्रीमंत वर्गातले सदूकी म्हणत, पुनरुत्थान वगैरे काही नाही. सामान्य लोकांत वजन असलेले परुशी म्हणत, आहे. ज्यांचं आजच्या व्यवस्थेत बरं चाललं होतं, त्यांना हिशेब पुन्हा उघडायची गरज वाटली नाही, हे मला फार ओळखीचं वाटतं. पुढे परुशांची बाजू टिकली. आजही ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती असते.

लाजराच्या बोटाचं पाणी

येशू याच वादात जन्मला आणि पुनरुत्थानाच्या बाजूने बोलला. पण त्याच्या तोंडी सतत येतं ते 'देवाचं राज्य'. मत्तयाच्या शुभवर्तमानात, देवाचं नाव टाळण्याच्या ज्यू रीतीप्रमाणे, त्याला बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचं राज्य' म्हटलं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मेल्यावरच्या जागेबद्दल आहे. पण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ते राज्य इथे, पृथ्वीवर येवो, असं मागणं आहे.

मेल्यानंतरची त्याची सर्वांत सविस्तर गोष्ट लूकच्या सोळाव्या अध्यायात आहे. एका श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून असतो, कुत्री त्याचे फोड चाटतात. दोघं मरतात. लाजर पूर्वज अब्राहामाजवळ जातो, श्रीमंत ज्वाळेत. श्रीमंत तिथूनही अब्राहामालाच म्हणतो : लाजराला पाठव, तो बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करील. मेला तरी हुकूम सोडायची सवय गेली नाही, आणि लाजराशी थेट बोलणं अजूनही नाही! पण महाराष्ट्रात वाचणाऱ्याला अजून एक गोष्ट दिसते. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणाऱ्या, महाडचं चवदार तळं ज्याच्यासाठी बंद ठेवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला कळतं, की या गोष्टीत तहानलेला कोण आणि बोट कुणाचं. लाजराने आयुष्यात एकही पुण्यकर्म केल्याचा उल्लेख गोष्टीत नाही. त्याच्यावर अन्याय झाला, एवढंच.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात दाण्याचं उदाहरण आहे : पेरलेला दाणा मातीत मरतो आणि वेगळ्या रूपात उगवतो, तसं शरीर उठेल. आत्मा शरीराच्या तुरुंगातून सुटून वर जातो ही कल्पना मुळात ग्रीक, प्लेटोच्या वळणाची. ती नंतर ख्रिस्ती विचारात इतकी मिसळली, की आज तीच मूळ वाटते. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, माणसं वर जाऊन गोष्ट संपत नाही. नवं जेरुसलेम नगर स्वर्गातून खाली उतरतं. त्याला 12 वेशी आहेत आणि त्या कधीच बंद होत नाहीत. आत मंदिर नाही.

मराठीत आल्यावर

ही सगळी कल्पना मराठीत आणताना शब्द कुठला वापरायचा? 'स्वर्ग' हा आपल्याकडे तसा दुय्यम शब्द. गीतेच्या नवव्या अध्यायानुसार स्वर्ग म्हणजे पुण्याचा बॅलन्स संपेपर्यंतचा मुक्काम. संपला की परत खाली. कायमचं सुख तिथे नाहीच.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला ही अडचण कळली असावी. तो 1579मध्ये गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास 11,000 ओव्या, मराठी भाषा, रोमन लिपी. त्यात त्याने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. गोव्याच्या माणसाला लगेच भिडणारा, कायमचा वाटणारा. किंमत अशी, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विष्णू उभा राहणार. नरकाच्या बाबतीतही कोकणीत तेच झालं. गोव्याचे कॅथलिक आजही नरकाला 'येमकोंड' म्हणतात. यम धर्मांतरातही सुटला नाही.

तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी उलटी वाट धरली. संस्कृतात मुरलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि जुन्या धर्मकल्पना चिकटलेले शब्द शक्य तिथे टाळून साधी भाषा वापरली. 1922मध्ये त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर 1924मध्ये छापून आलं. स्टीफन्सला वाचकाला ओळखीचं काही द्यायचं होतं. रमाबाईंना ओळखीतला धोका माहीत होता. विधवांचं जगणं नासवणाऱ्या समाजाची पुण्य-परलोकाची भाषा त्यांनी आतून पाहिली होती.

वर्धेतलं 'राज्य'

आता नालवाडी. 1932च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्याजवळच्या या गावात राहायला आले, ते दलित वस्तीजवळ. सूतकताईच्या कमाईवरच जगायचं, हा प्रयोग त्यांनी इथे केला. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं काम जातीने ज्यांच्यावर लादलं होतं, त्यांच्याबरोबर ते काम गोपाळराव वाळुंजकर इथल्या चर्मालयात स्वतः करत होते. शेजारच्या दत्तपूरला 1936मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. लाजर दाराशी पडला होता, इथे कुणीतरी दाराबाहेर आलं. हे बायबल वाचून झालं, असा माझा दावा नाही. विनोबांनी नव्या करारातल्या निवडक वचनांचं 'ख्रिस्तधर्म-सार' केलं, तेही बरंच पुढे.

पण त्याच वर्ध्यात, मगनवाडीत, बायबल वाचून काम करणारा माणूसही होता. जे. सी. कुमारप्पा, तंजावरकडच्या ख्रिस्ती घरातला हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. 1934च्या अखेरीस निघालेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांच्याकडे होता. 1942च्या लढ्यानंतर तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरं येशूच्या आचारावर आणि शिकवणीवर. घाण्याचं तेल, हातकागद, मधमाश्या यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला येशूचं राज्य हाही इथल्याच जगण्याचा विषय वाटला.

याच शहरात जमनालाल बजाज यांनी 1928मध्ये आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. वेशी बंद न होणारं नगर ही दोन हजार वर्षांपूर्वीची कल्पना, पण एक दार उघडायला काय पडतं, ते वर्धेकरांनी पाहिलं आहे. आणि तेवढं पुरत नाही, हेही पाहिलं आहे. विदर्भातल्या लाखो लोकांनी 1956मध्ये नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला. उघडलेल्या दारातून आत जायची त्यांना गरजच उरली नव्हती, आणि मेल्यावरच्या न्यायाची वाट बघण्याचीही.

बौद्ध मित्रांचा आक्षेप मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो : वरच्या न्यायाचं आश्वासन खालच्या अन्यायाला मुदतवाढ देतं. इतिहासात तसं पुष्कळदा झालं आहे, गुलामांच्या मालकांनीही स्वर्गाचा उपदेश केला. पण दानीएलाच्या वाचकांपुढे प्रश्न वेगळा होता. जिवंतांसाठी लढता येतं, कायदा करता येतो. जे आधीच मारले गेले, त्यांचं काय? खैरलांजीला 2006मध्ये मारल्या गेलेल्या चौघांना कुठलाही निकाल परत आणत नाही.

मातीत झोपलेले उठतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांना 'झोपलेले' म्हणण्याचा अर्थ मला कळतो. त्यांची फाईल बंद झालेली नाही.