प्लेग, सल्फाथायाझोल आणि हाफकिन संस्था : एका औषधाच्या पारखीचा इतिहास

प्लेगच्या साथी आणि मराठी समाज यांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. १८९७ मधील रँडवध आणि त्याच वर्षी १० मार्च रोजी रुग्णसेवा करताना प्लेगची लागण होऊन झालेले सावित्रीबाई फुले यांचे निधन या घटना सर्वपरिचित आहेत. परंतु या रोगावर रसायनशाळेत घडविलेले औषध मुंबईत कसे पारखले गेले, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी अभावानेच पाहिले. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. लस रोग टाळण्यास उपयोगी होती. रोग जडलेल्यास ती तारू शकत नव्हती.

१९३५ मध्ये जर्मनीत गेऱ्हार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की, खरे काम त्यातील सल्फानिलामाइड हा अंश करतो. यानंतर मूळ रेणू कायम ठेवून त्याला निरनिराळी वलये जोडण्याचा उद्योग जगभर सुरू झाला. थायाझोलचे वलय जोडले की सल्फाथायाझोल होते. जंतूला वाढीसाठी लागणाऱ्या पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाशी या औषधांचे इतके साम्य असते की जंतू फसतो, हे १९४० मध्ये स्पष्ट झाले.

परळमध्ये संचालक साहिबसिंग सोखे यांच्या नेतृत्वाखाली के. गणपती हे या गटातील संयुगे तयार करीत होते. सोखे व बी. बी. दीक्षित यांचा प्लेगवरील सल्फाथायाझोलविषयीचा लेख १९४० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. १९४१ मध्ये पी. एम. वागळे यांनी सोखे, दीक्षित व गणपती यांच्यासह प्लेगच्या रासायनिक उपचारावरील निबंध 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध केला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, रसायनज्ञ, औषधशास्त्रज्ञ व रुग्णांशी संबंध असलेला वैद्य एकाच निबंधाचे सहलेखक होते. आजच्या अनेक शोधनिबंधांत नवे थायाझोल संयुग बशीतील जंतूंभोवती काही मिलिमीटरचे वर्तुळ उमटवते आणि तेवढ्यावरच 'प्रतिजैविक' ठरते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक असल्याने रसायनाविषयी निवाडा देऊ इच्छीत नाही; मात्र 'पारख' या शब्दाचा अर्थ आकुंचित झाला, एवढे नोंदविणे त्याच्या कक्षेत येते.

सल्फा औषधांचे राज्य फार टिकले नाही. मूत्रपिंडात स्फटिक साठण्याचा दोष त्यांत होता, आणि स्ट्रेप्टोमायसिन अधिक गुणकारी ठरले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत उंदीर वाढले, असे कारण तेव्हा दिले गेले. या वेळी गावकऱ्यांच्या हाती पडल्या त्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या.