रॉकेलमधला खडक

आमच्या स्वयंपाकघरात एकाच डब्याला तीन नावं होती. आजी म्हणायची घासलेट, आई म्हणायची रॉकेल आणि रेशनच्या दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं असायचं केरोसीन. तिन्ही शब्द परके, पण तिघांनी मिळून जमिनीखालची एक मोठी गोष्ट सांभाळून ठेवली आहे.

रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. 'पेट्रोलियम'चा अर्थही तोच: 'पेट्रा' खडक, 'ओलियम' तेल. मराठी जिभेनं शब्द इतका घोटला की त्यातला खडक ऐकूच येईना. घासलेट आलं 'गॅसलाइट'वरून. त्यातला 'गॅस' सतराव्या शतकात व्हान हेल्माँट यांनी ग्रीक 'केऑस'वरून घडवला. आणि केरोसीन? अब्राहम गेस्नर यांनी ते नाव ग्रीक 'केरॉस'वरून, म्हणजे मेणावरून, ठेवलं.

याच मेणाचा दुसरा शब्द म्हणजे 'केरोजेन', मेण जन्माला घालणारं. 1906च्या सुमारास स्कॉटलंडच्या क्रम ब्राउन यांनी तो योजला. शेवाळ, पानं, सूक्ष्म जीव चिखलात गाडले जातात, चिखलाचा शेल नावाचा खडक होतो आणि त्यात केरोजेन उरतं. साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटतं, त्याहून जास्त तापलं की वायू. म्हणून वायू शोधणारा आधी विचारतो, तो जन्मला कुठल्या खडकात आणि तो खडक किती तापला?

फ्रेंच या खडकाला 'रोश-मेअर' म्हणतात, आई-खडक. आपल्या 'स्रोत खडका'पेक्षा मला तोच शब्द खरा वाटतो. स्रोत म्हटलं की झुळझुळ आठवते. हा तर काळा, घट्ट, हाताला कोरडा. मुंबई हायला 1974 साली तेल लागलं ते चुनखडीत, पण त्याची आई खालचा, कितीतरी जुना पन्ना शेल. लेकरू आईपासून दूर जाऊन सापडतं, म्हणून आधी आईचा पत्ता काढायचा.

ही आई जिथे खोल गाडली जाऊन तापते, त्या भागाला भूवैज्ञानिक चक्क 'किचन' म्हणतात. प्रयोगशाळेत शेलची चिमूटभर पूड तापवून बघतात: कच्चा आहे, शिजलाय की करपलाय.

पितळी स्टोव्हचा बर्नर पुरता तापायच्या आत मी पंप मारला की पिवळा जाळ उसळायचा, भांडी काळी व्हायची. रॉकेलची वाफ झाल्याशिवाय निळी ज्योत नाही. आजी माझा हात धरून म्हणायची, "थांब, अजून तापू दे."