खूर नाही तर घोडा नाही: एका जुन्या दुखण्याचा इतिहास



मधुमेहाच्या रुग्णांना मी दर भेटीत चपला काढायला लावतो आणि तळपाय बघतो. मागे माथेरानला घोडा चालवणारे एक काका आले होते. तळव्याला फोड येऊन आठवडा झाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी जरा रागावलोच. तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, घोड्याचे चारही पाय रोज रात्री उचलून बघतो. स्वतःचे बघायचं सुचलंच नाही." जाता जाता त्यांनी विचारलं, "साखरेचा त्रास घोड्यालाही होतो का हो?"

होतो, पण वेगळ्या तऱ्हेने. हे कळायला माणसाला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लागला. आज तीच हकीकत सांगतो.

आधी पाया बघा

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. घोडा विकत घेताना आधी त्याचे पाय बघा, असा त्याचा सल्ला होता. पाया कच्चा असेल तर वरचं घर कितीही सुंदर असून उपयोग नाही, हे त्याचं कारण. ओल्या, निसरड्या जमिनीने चांगले खूरही खराब होतात, म्हणून तबेल्याला उतार द्या, खाली दगड बसवा, हेही त्याने सांगून ठेवलं. त्या काळी ग्रीसमध्ये खिळ्यांनी ठोकलेली नाल नव्हती. खूर टणक ठेवणं हाच उपाय होता.

आपल्याकडेही हे शास्त्र जुनं आहे. अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य म्हणून शालिहोत्रांचं नाव घेतलं जातं. मराठीत घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. मराठी राज्यात शिलेदारांना घोडी सज्ज ठेवण्यासाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिचं नाव होतं 'नालबंदी'. फौजेचा खर्च मोजताना आधी घोड्याचा पाय आठवायचा, हे त्या शब्दातच आहे.

युरोपात मध्ययुगात नाल ठोकण्याची पद्धत पसरली आणि नालबंद हाच घोड्यांचा डॉक्टर झाला. पण अर्धवट ज्ञानाने नुकसानही होई. अडाणी नालबंदांमुळे घोडे जायबंदी होतात, अशा तक्रारी वाढल्याने लंडनच्या महापौराने १३५६ मध्ये या कारागिरांना बोलावून त्यांच्या धंद्याला शिस्त लावली. पुढे अठराव्या शतकात जेरेमाया ब्रिजेस या इंग्रज नालबंदाने घोड्याच्या पायाच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. 'खूर नाही तर घोडा नाही' या अर्थाचं त्याचं नाव इंग्रजीत म्हणच होऊन बसलं. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात पहिलं पशुवैद्यक विद्यालय स्थापन झालं. मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं.

घोडा नखावर उभा असतो

आता थोडी शरीररचना. तुम्ही हाताचं फक्त मधलं बोट टेबलावर टेकवा आणि सारा भार त्याच्या टोकावर द्या. घोडा तसाच उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचं जाडजूड नख. आतलं हाड या नखाला पापुद्र्यांसारख्या शेकडो बारीक घड्यांनी घट्ट धरून टांगलेलं असतं. चारशे-पाचशे किलोचं जनावर या घड्यांच्या जोरावर धावतं.

याच घड्यांना सूज आली की त्याला लॅमिनायटिस म्हणतात. पकड सुटली तर हाड खुराच्या आत फिरतं किंवा खाली खचतं. सूज आली तरी कठीण खुराला फुगता येत नाही. नखाखाली रक्त साकळलं की किती ठणकतं ते आठवा, आणि त्यावर उभं राहायचं आहे अशी कल्पना करा.

जवाचं दुखणं

प्राचीन ग्रीक लोक घोड्याच्या एका आजाराला जव या धान्यावरूनच नाव देत. तो लॅमिनायटिस असावा असं अनेक पशुवैद्यक मानतात. धान्य फार झालं की घोडा पायांनी बसतो, हे अनुभवाने कळलं होतं. का, ते मात्र कळलं नव्हतं. त्यामुळे शतकानुशतके रक्त काढणं आणि दुखऱ्या पायांवर घोड्याला जबरदस्तीने चालवणं हेच उपचार चालले. आज आपण जाणतो की चालवल्याने सुजलेल्या घड्या आणखी फाटतात.

पैसा असला तरी हा आजार सोडत नाही. १९७३ मध्ये बेलमाँटची शर्यत ३१ लांबींनी जिंकणारा अमेरिकेचा सेक्रेटेरियट १९८९ मध्ये याच आजाराने असा खंगला, की अखेर त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं.

मोठा धागा २००७ मध्ये हाती लागला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात साखर नेहमीइतकी राखून फक्त इन्सुलिन खूप वाढवलं. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: लठ्ठ घोड्याची साखर सहसा फार वाढत नाही, इन्सुलिन वाढतं, आणि त्याने खूर सैल होतो. हे एकच कारण नव्हे. एकदम खूप धान्य खाल्ल्याने आतड्यात होणारा बिघाड, शरीरात पसरलेला जंतुसंसर्ग, एका दुखऱ्या पायामुळे दुसऱ्यावर येणारा भार, यांनीही तो होतो.

इथे एक महत्त्वाची सूचना. हे वाचून कुणीही आपलं इन्सुलिन बंद करू नका! माणसाच्या पायात असं होत नाही. मधुमेहात आपल्या पायाची संवेदना जाते आणि रक्तपुरवठा कमी होतो. घोड्याचा पाय असह्य दुखतो, तुमचा दुखतच नाही. म्हणून तर तो डोळ्यांनी बघायचा.

घोडा असेल तर हे लक्षात ठेवा

- घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलतो, वळायला नकार देतो, खूर गरम लागतो आणि खुराच्या वरच्या बाजूला नाडी जोरात उडते: लॅमिनायटिसचा संशय घ्या. धान्य थांबवा, चालवू नका, पायाखाली जाड मऊ अंथरूण द्या, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.
- तळव्यामागच्या रबरासारख्या त्रिकोणी भागातून काळपट, घाण वासाचा स्राव येतो: ओलीमुळे झालेला कूज. पावसाळ्यात हा फार दिसतो. खूर रोज खरवडून साफ करा, जागा कोरडी ठेवा. बरं वाटलं नाही तर दाखवा.
- घोडा अचानक एक पाय टेकवेनासा होतो: बहुधा आत पू झालेला असतो. खिळा किंवा काच दिसली तर ओढून काढू नका, आधी पशुवैद्यांना विचारा. धनुर्वाताची लस घोड्यालाही लागते.
- खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून तासून घ्या.

काकांचा फोड बरा झाला. आता ते रात्री सहा पाय बघतात, घोड्याचे चार आणि स्वतःचे दोन. तुम्हाला मधुमेह असेल तर तुमचे दोन आज रात्रीच बघा.