वर्धा परिसरातील रातांधळेपणा आणि त्याचे उपचार

रातांधळेपणाची मुख्य कारणे दोन आहेत : अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, आनुवंशिक ऱ्हास. पहिल्या कारणाने ज्याला रात्री दिसेनासे होते, तो योग्य उपचाराने बहुधा थोड्याच दिवसांत बरा होतो. दुसऱ्या कारणात नजर वर्षानुवर्षे आक्रसत जाते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर अभयारण्यालगत वसलेल्या हिंगणीसारख्या गावांत हा फरक जगण्याशी भिडतो. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जावे लागते, हरभऱ्याचे ओलितही अनेकदा रात्रीच होते. दिवेलागणीनंतर ज्याला दिसत नाही, त्याची निम्मी शेती दुसऱ्याच्या हातात जाते.

पहिल्या प्रकारावरचा उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, पिंपळीबरोबर शिजवलेले बोकडाचे यकृत सांगितले आहे. यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, त्यामुळे हा उपाय खरोखर लागू पडत असला पाहिजे. त्यामागचे कारण मात्र उशिरा कळले. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या दृष्टिपटलात उजेडाने फिका पडणारा तांबडा रंग आढळला, आणि १९३३ मध्ये जॉर्ज वाल्ड यांनी त्याच पडद्यात अ जीवनसत्त्व दाखवून दिले. मंद उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडपेशी हा रंग अ जीवनसत्त्वापासून बनवतात. भारतात १९७० पासून पाच वर्षांखालील मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. वर्धा जिल्ह्यात १९४० च्या दशकात डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभे केले होते आणि १९६९ मध्ये तेथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यातल्या माणसाला वैद्यकीय महाविद्यालयाचे दार हाकेच्या अंतरावर मिळणे, ही त्या काळात देशभरात दुर्मीळ गोष्ट होती.

डोस देऊनही ज्यांचा रातांधळेपणा गेला नाही, त्यांचा आजार वेगळा होता. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन बनवले आणि त्यानंतर काही वर्षांतच अशा रुग्णांच्या पडद्यावरचे काळे डाग वैद्यांना दिसू लागले. या आजाराला रेटिनायटिस पिगमेंटोझा म्हणतात. त्यात दंडपेशी आधी मरतात. नजरेचा घेर कडेने मिटत जातो आणि विहिरीच्या तळातून वर पाहावे तेवढेच दिसते. पुढे रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशीही जातात.

विदर्भात हा आजार किती आहे, याचे उत्तर नागपूरजवळच्या खेड्यांतून मिळाले. नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांच्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यासात तिशीपुढच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले गेले. दर सुमारे ७५० माणसांमागे एकाला हा आजार आढळला. जगात सर्वसाधारणपणे हे प्रमाण चार हजारांत एक असे धरले जाते. भारतात ते जास्त असण्यामागे नात्यातल्या लग्नांचा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातील चाल इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात तपशिलाने नोंदवली आहे. आजाराच्या अप्रभावी प्रकारात आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. तरीही चालीवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण या आजाराचे काही प्रकार नात्यात लग्न नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या उतरतात.

हा ऱ्हास भरून का निघत नाही, याचे उत्तर गर्भावस्थेत आहे. दृष्टिपटलाच्या सर्व चेतापेशी गर्भातल्या जनकपेशींपासून ठरलेल्या क्रमाने तयार होतात. माणसात जन्माच्या सुमारास हे काम संपते. माशांत ते आयुष्यभर चालू राहते आणि माशाचा जखमी पडदाही पुन्हा घडतो. सन २००० मध्ये प्रौढ उंदराच्या डोळ्यात मूलपेशी सापडल्याचे टोरांटोच्या गटाने जाहीर केले, पण त्या खऱ्या मूलपेशी नसून रंगद्रव्ययुक्त पेशी असल्याचे २००९ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले. २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अपरिपक्व दंडपेशींचे उंदरात रोपण केले, तेव्हा त्या पडद्यात रुजल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र २०१६ मध्ये दिसले की, अनेकदा नव्या पेशी रुजत नाहीत, त्यांच्यातील प्रथिने आणि आरएनए जुन्या पेशींत जातात. या दुरुस्त्यांमुळेच या क्षेत्रातील दाव्यांवर विश्वास ठेवता येतो.

मानवी चाचण्यांत दोन वाटा आहेत. कॅलिफोर्नियाचे हेन्री क्लासेन यांच्या पद्धतीत जनकपेशी डोळ्यातील काचद्रवात टोचतात. त्या पडद्याचा भाग होत नाहीत, पण त्यांच्यातून पाझरणारे घटक उरलेल्या पेशींना जगवतील, अशी कल्पना आहे. म्हणजे थोडीफार नजर शिल्लक असताना निदान व्हायला हवे. दुसऱ्या वाटेने पेशी थेट पडद्याखाली ठेवतात. याखेरीज आरपीई६५ या जनुकातील दोषावरच्या जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र रेटिनायटिस पिगमेंटोझाच्या फार थोड्या रुग्णांत हा दोष असतो.

पैसे घेऊन मूलपेशींचे इंजेक्शन देणाऱ्यांपासून सावध राहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात अशा इंजेक्शनांनंतर तीन स्त्रियांची नजर गेल्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक विकार वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत.