दंडारीची वाट

हिवाळी खेळ म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम बर्फ येते. पायांस लाकडी पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाणारे तरुण, गोठलेल्या तळ्यावर चाललेली मुलामुलींची धावपळ, असे ते चित्र असते. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले आणि या चित्रास जगाची मान्यता मिळाली. तथापि या खेळांचा उगम सामन्यांच्या मैदानात झालेला नाही. नॉर्वेच्या डोंगराळ मुलखातील शेतकरी हिवाळ्यात या वस्तीवरून त्या वस्तीवर जाण्यासाठी बर्फावर लाकडी पट्ट्या वापरीत. त्या जाण्यायेण्यातून पुढे चढाओढ आली, चढाओढीतून नियम आले आणि नियमांतून खेळ उभा राहिला. शेतीच्या कामास थोडी उसंत मिळावी, हवा कोरडी व गार व्हावी, सवंगड्यांची टोळी जमावी आणि शेजारच्या गावाची वाट धरावी, एवढे झाले की हिवाळी खेळाचे बीज पडले. ते रुजण्यास बर्फ लागतेच असे नाही.

हे बीज बर्फावाचून कसे रुजले, ते पाहावयाचे असेल तर महाराष्ट्राच्या वेशीपलीकडे फार दूर जावयास नको. पैनगंगा आणि वर्धा ओलांडली की यवतमाळ व चंद्रपूर मागे पडतात आणि आदिलाबादचा मुलूख लागतो. १९०५ साली निझामी राजवटीत हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातील भागही त्यातच मोडत. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. येथे आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा समजावा. दक्षिणेस गोदावरी, पूर्वेस प्राणहिता, मध्ये उटनूरचे डोंगरपठार आणि सागाचे जंगल. दख्खनच्या या भागात थंडी चांगलीच बोचते. पौष-माघात पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. या डोंगरांत राजगोंड, कोलाम, परधान आणि तोटी या जमातींची वस्ती आहे.

आश्विनातील पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागरी, उलटली की गोंडांच्या गावांतून ढोल वाजू लागतो. पावसाळा संपलेला असतो, ओढे उतरलेले असतात, जोंधळा कणसावर आलेला असतो. परंतु कापणीस अजून अवकाश असतो. वर्षातील या मोकळ्या दिवसांत गावचे तरुण एकत्र येतात आणि दंडारीचा मेळा सिद्ध करतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या वाचकांस दंडार हा शब्द लोकनाट्य म्हणून परिचयाचा आहे. आदिलाबादची दंडारी ही मात्र नाटकापेक्षा यात्रा अधिक आहे. हातांत टिपऱ्या घेतलेले नर्तक, स्त्रीवेष घेतलेली मुले, वाजंत्री आणि गुसाडी असा हा लवाजमा. गुसाडी म्हणजे या मेळ्याचा मानकरी. त्याच्या मस्तकी मोरपिसांचा भव्य मुकुट, खांद्यावर कातडे, गळ्यात माळा आणि अंगावर राख व काजळीचे पट्टे असतात. उत्सव चालू असेतोवर त्याने स्नान करावयाचे नाही, असा दंडक आहे. त्या अवधीत त्याच्या ठायी देवाचा वास असतो, अशी गोंडांची श्रद्धा आहे.

असा मेळा आपल्याच गावी नाचत बसत नाही. तो दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. डोंगरवाटेने चालत जावयाचे, गावाच्या शिवेवर वाद्ये वाजवून आल्याची वर्दी द्यावयाची, यजमानांनी सामोरे येऊन सन्मानाने आत न्यावयाचे, मग रात्री उशिरापर्यंत नाच, गाणी, सोंगे आणि थट्टामस्करी. दोन गावचे गुसाडी समोरासमोर आले की लुटुपुटीची झुंजही होते. यजमान पाहुण्यांस जेवूखाऊ घालतात आणि पुढे त्यांचाच मेळा परतभेटीस निघतो. दिवाळीनंतर विसर्जनाचा विधी होतो, वाद्ये व मुकुट उतरवून ठेवले जातात आणि सगळे पुन्हा शेताच्या कामास लागतात.

या आनंदयात्रेस एक सामाजिक प्रयोजनही आहे. राजगोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या अशा चार शाखांत विभागलेली आहेत आणि एकाच शाखेत विवाह निषिद्ध आहे. म्हणजे सोयरीक बाहेरच करावयाची. विखुरलेल्या वस्त्यांच्या जंगलमुलखात ती जमावी कशी? दंडारीचा मेळा बहुधा सोयरीक होऊ शकेल अशा गावी जातो. तेथे तरुण मंडळी एकमेकांस पाहतात, वडीलधाऱ्यांच्या गाठी पडतात आणि कित्येक विवाहांची बोलणी या रात्रींतूनच सुरू होतात. याला खेळ म्हणावे की व्रत, असा प्रश्न कोणी करील. पण प्राचीन ग्रीकांचे ऑलिंपिया येथील सामनेही झ्यूस देवाच्या उत्सवातच भरत असत आणि पंढरीच्या वाटेवरील रिंगणात वारकरी खेळतातच. देव, खेळ आणि वाट यांची फारकत ही अलीकडची गोष्ट आहे.

मात्र वाटेचा खेळ चालावयाचा तर वाट मोकळी हवी, आणि इतिहासाचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निझाम सरकारने आदिलाबादची अरण्ये राखीव करण्याचा सपाटा लावला. पिढ्यान् पिढ्या ज्या डोंगरउतारांवर गोंड आणि कोलाम शेती करीत, गुरे चारीत आणि वस्ती हलवीत, तेथे ते एकाएकी अतिक्रमण करणारे ठरले. वस्त्या उठविल्या गेल्या, चराईवर कर बसले आणि सपाटीवरील चांगली जमीन बाहेरून आलेल्या सावकारांच्या व जमीनदारांच्या नावे चढू लागली. ज्या गावास उद्या कोठे असू याची शाश्वती नाही, ते पाहुण्यांस आमंत्रण कशाच्या बळावर देणार?

या अन्यायाविरुद्ध कुमराम भीम या गोंड तरुणाने पाणी, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी लोकांस उभे केले. जोडेघाटच्या डोंगरात त्याने व त्याच्या सोबत्यांनी ठाण मांडले आणि १९४० साली निझामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे साथी मारले गेले. त्याचा स्मृतिदिन गोंड समाज इंग्रजी तारखेप्रमाणे नव्हे, तर तिथीने पाळतो आणि ती तिथी आश्विनी पौर्णिमा ही आहे. ज्या चंद्राच्या साक्षीने दंडारीचे दिवस सुरू होतात, त्याच चंद्राखाली जोडेघाटला भीमचे स्मरण होते.

या घटनेनंतर निझाम सरकारला जाग आली आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडे गेले. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला हा गृहस्थ दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतात होता. जर्मन राष्ट्राचा प्रजाजन म्हणून इंग्रजांच्या दृष्टीने तो शत्रुपक्षीय ठरला. परंतु तुरुंगाऐवजी त्यास हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून अभ्यास करण्याची मुभा मिळाली. आल्प्सच्या देशातील हा मनुष्य अशा रीतीने उटनूरच्या डोंगरांत आला. आपल्या पत्नीसह मारलावाई या गावी राहून त्याने गोंडांचे सण, कथा आणि नाच यांची बारकाईने नोंद केली. ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. केवळ नोंदी करून तो थांबला नाही. त्याच्या शिफारशींमुळे हजारो आदिवासी कुटुंबांस जमिनीचे पट्टे मिळाले आणि केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दरबार सुरू झाला.

मराठी वाचकास विशेष वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १९४३ साली मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी जे केंद्र निघाले, त्यातील गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली. कारण या डोंगरांतील गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार त्या काळी पुष्कळसा मराठीतून चाले. आजही उटनूर आणि जैनूरच्या आठवडी बाजारांत गोंडी आणि तेलुगू यांच्या जोडीला मराठी कानी पडते. राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये हलल्या. बाजारवाटा मात्र होत्या तेथेच राहिल्या.

मारलावाईचेच कनक राजू यांनी गुसाडी नृत्य आयुष्यभर जपले व तरुणांस शिकविले. २०२१ साली त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. आता डोंगरांत डांबरी रस्ते झाले आहेत आणि कित्येक मेळे ट्रॅक्टर अथवा जीपगाडीतून पाहुणचारास जातात. दंडारीस सरकारी अनुदान मिळते आणि गुसाडी शहरांतील रंगमंचावरही दिसतो. या बदलाचे केवळ दुःख करण्याचे कारण नाही. परंतु रंगमंचावर नर्तक आणि प्रेक्षक असतात, तर दंडारीत पाहुणा आणि यजमान असतात. आजचा पाहुणा हाच उद्याचा यजमान होतो. रंगमंचावरून हा भाग वगळला जातो आणि मोरपिसे तेवढी उरतात.

आदिलाबादच्या इतिहासावरून एवढे निश्चित दिसते की, जमीन आणि जंगल यांसाठी झालेल्या लढ्याकडे आणि त्याच डोंगरांत चाललेल्या खेळाकडे वेगवेगळे पाहता येत नाही. गाव आपल्या ठिकाणी नांदत राहिले म्हणून मेळा निघू शकला आणि मेळा निघत राहिला म्हणून विखुरलेली गावे एकमेकांस ओळखत राहिली. कोजागरीच्या रात्री आपल्याकडे दुधात चंद्र पाहिला जातो, तेव्हा पैनगंगेपलीकडे ढोलांस ताण दिला जात असतो आणि कोणते गाव आपल्याकडे येणार, याची चर्चा ओसरीवर चाललेली असते.